पावसाळ्यातला पगार

१२ सप्टेंबर २०२३, मंगळवार, पुणे

पहिली बैठक झाली. मूत्रपिंडाचे डॉक्टर, शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक, उष्णता मोजणारे इंजिनिअर, अर्थशास्त्राच्या बाई, स्त्रीरोगतज्ज्ञ, मानववंशशास्त्रातला एक तरुण आणि आकडेमोडीला मी. विषय एकच होता: भर उन्हात ऊस तोडणाऱ्यांच्या मूत्रपिंडांचं काय होतं? तीन तास बोललो आणि प्रत्येकाचा वेगळा अभ्यास ठरवून उठलो.

डॉक्टरांना रक्तातलं क्रिएटिनिन हवंय. प्राध्यापकांना कामाआधीचं आणि कामानंतरचं वजन, म्हणजे घाम किती गेला ते कळेल. इंजिनिअरना उसाच्या फडात उष्णता मोजायचा काळा गोळा उभा करायचाय. बाईंना उचलीचे, म्हणजे टोळीच्या मुकादमानं आगाऊ दिलेल्या पैशांचे, आकडे हवेत. तरुणाला काहीच मोजायचं नाही; त्याला महिनाभर मजुरांच्या कोपीत राहायचंय. "प्रश्नावली घेऊन गेलात तर ते उत्तरं देतील, सांगणार काहीच नाहीत," असं तो म्हणाला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा सांगितला.

बीडहून आलेली समन्वयक शेवटपर्यंत गप्प होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे, स्वतः समाजकार्यात पदवी घेतलेली. निघताना तिनं एवढंच विचारलं, "पहाटे चारला फडात कोण कोण येणार?" डॉक्टरांनी ओपीडीचे वार सांगितले, बाईंनी परीक्षांच्या तारखा. नोंद घेतली तिनेच.

२७ सप्टेंबर २०२३, बुधवार

नीतिमत्ता समितीचे प्रश्न आले. दोन प्रश्न खरोखर चांगले आहेत. संमती घेताना मुकादम तिथे असणार का? आणि तपासणीत कुणाचं मूत्रपिंड बिघडलेलं निघालं तर ते कुणाला कळवणार?

दुसऱ्यावरून संध्याकाळभर वाद झाला. डॉक्टर म्हणाले, कारखान्यातल्या तपासणीत मालकाला कळवतातच. अर्थशास्त्राच्या बाईंनी विचारलं, इथे मालक कोण? साखर कारखाना कागदोपत्री मालक नसतो. करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मुकादमानं दिलेली उचल मजुराच्या डोक्यावर. मुकादमाला कळलं तर पुढच्या वर्षी तो त्या मजुराला कोयत्यावर घेणार नाही, उचल मात्र तशीच राहील. शेवटी ठरलं की निकाल फक्त ज्याचा त्याच्या हातात द्यायचा आणि सोबत जवळच्या रुग्णालयाची चिठ्ठी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रुग्णालयापर्यंत पोचायला मात्र मजुरी बुडते आणि वर खाड्याचा दंड लागतो.

मग पैशाचं. निधी परदेशातला आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० वर आली. आमची निम्मी माणसं दुसऱ्या संस्थांत आहेत, त्यामुळे ती सगळी आता सल्लागार झाली. सल्लागाराला मानधन मिळतं. त्याला टेबल मिळत नाही, रजा मिळत नाही आणि बैठकीत आवाज चढवायचा हक्कही फारसा मिळत नाही.

समन्वयकाचा पगार सहा महिन्यांचा मंजूर झालाय. 'हंगाम सहा महिन्यांचाच असतो,' असा शेरा आहे.

३१ ऑक्टोबर २०२३, मंगळवार

बीडमध्ये संचारबंदी. कालच्या जाळपोळीनंतर एसटी बंद आहे, रस्ते बंद आहेत. गावात असतानाच पहिलं रक्त घ्यायचं ठरलं होतं, म्हणजे तोड सुरू होण्याआधीचं. दसरा होऊन आठवडा झाला. त्यात यंदा पाऊस नाही, म्हणून टोळ्या लवकर हलताहेत. कारखाने उद्यापासून सुरू.

डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस पुढे ढकलू. ढकलायला हंगाम आपला आहे का? इंजिनिअर म्हणाले, फडावर पोचल्यावर पहिल्या आठवड्यात घेऊ. ते मला मान्य नाही. आठ दिवस तोडलेल्या माणसाचं रक्त हे कामाआधीचं रक्त नव्हे. शेवटी दोन गट वेगळे ठेवायचे ठरलं: गावात तपासलेले आणि फडावर तपासलेले. दोन्ही एका रकान्यात कुणी घालणार नाही, हे लिहून घेतलं.

समन्वयक दिवसभर फोनवर होती. कोणती टोळी कोणत्या कारखान्याला गेली याची यादी संध्याकाळी तिनं पाठवली. मुकादमाचा फोन लागला नाही तर त्याच्या बायकोचा लागतो, हे तिला ठाऊक आहे. आमच्यातल्या कुणाला ते कुठल्या पुस्तकात सापडलं असतं?

२३ नोव्हेंबर २०२३, गुरुवार, शिरोळ तालुका

ऊसदरासाठी महामार्ग अडवला आहे. शिरोलीच्या पुलापाशी वाहनं उभीच्या उभी. रक्ताच्या नळ्यांची पेटी कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत दुपारपर्यंत पोचायला हवी होती. बर्फ वितळतोय म्हणून प्राध्यापक हैराण झालेत. ऊस हलत नाही म्हणून तोड बंद, आणि तोड बंद म्हणजे मजुरीही बंद.

एकट्या मानववंशशास्त्राच्या पोराचा दिवस सोन्याचा. सगळी माणसं कोपीवर. त्यानं दिवसभर एकही प्रश्न विचारला नाही, बायकांबरोबर वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत बसला. वाढे विकून वरखर्च निघतो. संध्याकाळी त्यानं जे लिहून आणलं ते आमच्या प्रश्नावलीच्या अठ्ठावीस पानांत नव्हतं: अंगदुखीची गोळी रोज घेतात. दुकानदार सुटी देतो, नाव माहीत नसतं, रंग माहीत असतो. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. वेदनाशामक गोळ्यांतल्या बऱ्याचशा, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना घेतल्या तर, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. "उद्यापासून रंग विचारायचे," ते म्हणाले. त्यांनी त्या मुलाला पहिल्यांदाच 'अहो' म्हटलं.

९ डिसेंबर २०२३, शनिवार

आज सगळे एकाच फडात, एकाच वेळी. हे जमवायला एवढे आठवडे गेले.

पहाटे अंधारात सुरुवात. नवराबायको मिळून एक कोयता. तो बुडख्यापासून तोडतो. जमिनीलगतच तोडायचा, कारण साखर खाली जास्त आणि वर थोटूक राहिलं तर शेतकरी बोलतो. म्हणून पाठ सरळ होतच नाही. ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. आमच्या अर्जात 'तुमची रोजची मजुरी' असा रकाना होता. तिची वेगळी मजुरी नसतेच. टनाचे पैसे कोयत्याला मिळतात आणि कोयता त्याच्या नावावर. बाईंनी जागेवर रकाना खोडला.

वजनाच्या काट्यावर पुरुषांसमोर उभं राहायला बायका तयार नव्हत्या. समन्वयकानं दोन उसांना साडी बांधून आडोसा केला. काटा आत, प्राध्यापक बाहेर, आकडा ती ओरडून सांगणार. असं काम सुरू झालं.

काळा गोळा फडाच्या कडेला उभा. तीन तापमानं एकत्र करणारं हे मापन १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण तळांवर कवायतीत कोसळणाऱ्या रंगरुटांसाठी यॅग्लू आणि मिनार्ड यांनी बसवलं. ओल्या फडक्यातल्या तापमापकाला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्याला २०, साध्या हवेला फक्त १०. म्हणजे बातम्यांत सांगतात तो पारा यात सगळ्यात कमी बोलतो. घाम वाळतो की नाही हे जास्त बोलतं. फडातल्या उभ्या उसात वारा नसतो.

डॉक्टरांच्या टिपणात सकाळपासून एकच वाक्य होतं: 'स्त्रिया पाणी अपुरं पितात.' पुढे शिफारसही तयार होती, पाण्याचं महत्त्व पटवून द्यावं. जेवणाच्या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञ एका मावशींशेजारी बसल्या. मावशी म्हणाल्या, "बाई, पानी पेऊ वाटतंय की. पर जायचं कुठं? सकाळी ऊस उभा ऱ्हातो, आडोसा ऱ्हातो. दुपारपातूर समदं मोकळं हुतं."

तोड पुढे सरकते तसा आडोसा कमी होतो, आणि ऊन वाढत जातं. इंजिनिअरचा आलेख दुपारी चढतो, नेमक्या त्याच वेळी बायकांचा तांब्या बंद होतो. लघवी तुंबते, संसर्ग होतो, पोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं. मग कुणीतरी सांगतं पिशवीच काढून टाका, म्हणजे खाडेही वाचतील. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या बीडच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. वृत्तपत्रांत तो विषय स्त्रीरोगाचा म्हणून आला, आमच्याकडे मूत्रपिंडाचा म्हणून आला होता. फडात तो एकाच बाईच्या एकाच दुपारचा आहे.

संध्याकाळी डॉक्टरांनी शिफारस खोडली आणि लिहिलं: फिरतं शौचालय, फडाबरोबर सरकणारं. बाईंनी लगेच विचारलं, ओढायचं कुणी आणि पैसे कुणी द्यायचे? वाद रात्री साडेदहापर्यंत चालला. इतका चांगला वाद पुण्यात एकदाही झाला नव्हता.

१० डिसेंबर २०२३, रविवार

अंग दुखतंय. पडल्या पडल्या हार्वर्डच्या फटीग लॅबोरेटरीबद्दल वाचलं. १९२७ ते १९४७. जीवरसायनज्ञ हेंडरसन यांनी ती उभी केली, संशोधनाची धुरा डिल यांच्याकडे, आणि जागा चक्क बिझनेस स्कूलच्या तळघरात. हेंडरसनना समाजशास्त्राचा नाद. माणूस थकतो तो फक्त स्नायूंनी थकत नाही, असं त्यांचं म्हणणं. १९३१ च्या उन्हाळ्यात हूव्हर धरणावर उष्म्यानं कामगार दगावले, आणि १९३२ मध्ये हे लोक उपकरणं घेऊन तिथेच मुक्कामाला गेले. घाम, मीठ, रक्त, सगळं कामाच्या जागी मोजलं.

आणि वीस वर्षांत बंद. तिथली माणसं पांगली, दुसऱ्या विद्यापीठांत गेली, त्यांनी आपापल्या प्रयोगशाळा काढल्या. विज्ञानाचं नुकसान झालं नाही असं म्हणतात. मला ते पटत नाही. पांगल्यावर प्रत्येकानं आपापल्या शाखेचं काम केलं. गंमत म्हणजे डिल म्हातारपणी पुन्हा धरणाजवळच्या बोल्डर सिटीतच राहायला गेले आणि तिथेही वाळवंटातल्या उन्हाचंच संशोधन करत राहिले.

६ जानेवारी २०२४, शनिवार

तोडीचा दर वाढला, ३४ टक्के. टनाला २७३ रुपये होते ते ३६६. फडात आनंद आहे. प्राध्यापकांची काळजी वेगळी: दर टनावर आहे, म्हणजे आता लोक विसावा आणखी कमी घेतील का? बाईंचं म्हणणं उलट, उचल लवकर फिटली तर शेवटचे दिवस निवांत जातील. दोन्ही खरं असू शकतं. निदान आमच्या हातात दरवाढीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे असतील.

१४ मार्च २०२४, गुरुवार, पुणे

आकडे बघायला बसलो आणि भांडलो. कष्टाच्या कामानंतर क्रिएटिनिन थोडं वाढतंच, स्नायूंमुळे. प्राध्यापक ते सोडायला तयार नाहीत. डॉक्टरांना ती वाढ इजा वाटते. जुनाट आजार म्हणायचा तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं, आणि तीन महिन्यांत टोळी दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते. पुन्हा कुणी शोधली? समन्वयकानंच. तिच्याशिवाय आमच्याकडे आजार नव्हता, नुसती एका सकाळची नोंद होती.

मध्य अमेरिकेतलं आठवलं. २००२ मध्ये एल साल्वाडोरच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहिलं की मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी तरुण मजुरांची मूत्रपिंडं जाताहेत. पुढे दहा वर्षं प्रत्येक शाखेचा संशयित वेगळा: कीटकनाशकं, जड धातू, विहिरीचं पाणी, ऊन. २०१२ मध्ये कोस्टा रिकात सान होसेला सगळे एकत्र बसले आणि उष्णता आणि पाण्याची तूट वर आली. कारणाचा वाद तिथे आजही पूर्ण मिटलेला नाही, पण उपाय त्यासाठी थांबले नाहीत. एल साल्वाडोरमध्ये सावलीचे तंबू, पाठीवरचं पाणी, ठरलेली विश्रांती आणि सुधारलेला कोयता दिला. रोजची तोड घटली तर नाहीच, उलट वाढली. हे आकडे मी कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याला दाखवले होते. तो म्हणाला, "तिकडं गडी कारखान्याच्या पगारावर असतील." त्याचा मुद्दा चुकीचा नाही. आमच्याकडे विश्रांती द्यायची कुणी, हे आधी ठरवावं लागेल.

८ मे २०२४, बुधवार

लेखात नावं कोणत्या क्रमानं? वैद्यकात पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं वडीलधाऱ्याचं. अर्थशास्त्रात बहुधा आडनावांच्या वर्णक्रमानं, पण वैद्यकाच्या क्रमातलं मधलं नाव म्हणजे बाईंच्या विद्यापीठात शून्य गुण. मानववंशशास्त्रात एकट्याचं पुस्तक मोजतात. आमच्या पोराला बढतीसाठी हा लेख दाखवताच येणार नाही. एकत्र काम करा म्हणून सगळी विद्यापीठं भाषणं देतात आणि गुण मात्र एकट्याला.

समन्वयकाचं नाव घालायचं मी सुचवलं. वैद्यकीय संपादकांच्या नियमांत नुसती माहिती गोळा करणारा लेखक ठरत नाही. लिखाणात किंवा त्याच्या दुरुस्तीत हात लागतो. मग लावू या हात. मसुदा मराठीत करून तिच्यापुढे ठेवला. दोन दिवसांनी तिच्या खुणा आल्या. आमच्या तक्त्यात 'कामाचे तास' होते, ती म्हणाली रात्री ट्रक भरायला उठवतात ते तास यात धरलेच नाहीत. सगळं गणित पुन्हा केलं. नाव आता निर्विवाद आलं.

१९ जुलै २०२४, शुक्रवार

समन्वयक सोडून गेली. एप्रिलअखेर पगार थांबला. मे आणि जून आम्ही वर्गणी काढून दिला; जुलैत तिनंच नको म्हटलं. तालुक्याच्या गावात एका मायक्रोफायनान्स कंपनीत वसुलीची नोकरी लागलीय. ज्या बायकांचं रक्त तिनं घेतलं त्यांच्याच दारात आता हप्त्याला उभी राहते.

प्राध्यापकांनी दुसरी मुलगी शोधू म्हटलं. मुलगी मिळेल. यादीतले फोन नंबरही मिळतील. फोन उचलतील का?

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार, बीड जिल्हा

घटस्थापना. यंदा हंगाम १५ नोव्हेंबरचा ठरलाय, मधे विधानसभेची निवडणूक आहे. जुन्या मुकादमाला भेटले. आमचं निम्मं पथक विखुरलंय हे त्याला आधीच माहीत होतं. हसून म्हणाला, "ताई, तुमची बी टोळीच की. पावसाळ्यात पैसा दिला तर दसऱ्याला माणूस हुबा ऱ्हातो. तुमी पावसाळ्यात दिला का?"

रात्री हे जेवणात चघळलं. अर्थशास्त्राच्या बाई चिडल्या. त्याचा पैसा उचल आहे, माणूस बांधणारं कर्ज आहे, त्याचं कौतुक नको. बरोबरच आहे. पण पावसाळ्यातलं पोट कुणीतरी भरतं म्हणून त्याची माणसं टिकतात, हे निरीक्षणही बरोबर आहे. कर्ज न देता तेच करायचं तर त्याला पगार म्हणतात. आणि पावसाळ्यात काम नसतं असं थोडंच आहे? गावात असतात तेव्हाच माणसं बोलतात, निकाल समजावून घेतात, दवाखान्यात जातात, पुन्हा रक्त देतात.

५ एप्रिल २०२५, शनिवार, पुणे

मंगळवारी अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्याच्या संस्थेतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याची नोटीस गेली. १९७० च्या कायद्यानं उभी राहिलेली संस्था. डॉक्टर, इंजिनिअर, मानसशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ एका छपराखाली, खाणीतली धूळ, कापूस, उष्णता असल्या प्रश्नांवर. कामाच्या जागेवरची उष्णता किती चालेल याचे त्यांचे दाखले आम्ही आमच्या अर्जात दिले होते. अशी पथकं सरकारी असोत की देणगीवरची, ती जमवायला वर्षं जातात आणि मोडायला एक पत्र पुरतं.

नव्या अर्जात समन्वयकाचा पगार बारा महिन्यांचा मागितला आहे. उपकरणांचे पैसे कमी करून तो बसवला. इंजिनिअरनी स्वतः काळ्या गोळ्यांची संख्या घटवली. डॉक्टरांनी शिफारसपत्रात तिच्याबद्दल अर्धं पान लिहिलंय, एरवी फक्त स्वतःबद्दल लिहितात तसं. छाननीचा पहिला प्रश्न काल आलाच: 'हंगाम नसतानाच्या महिन्यांचं औचित्य काय?' तीन महिन्यांनंतरची तपासणी, रात्रीचे तास, फोन उचलणारी मुकादमाची बायको, सगळं उत्तरात घातलं.

तिला फोन केला. बारा महिन्यांचं पत्र हातात पडलं की राजीनामा देते, म्हणाली. त्याआधी नाही.

अशा अर्जांवर सही करणारे कुणी हे वाचत असतील तर एवढंच मागणं आहे: यंत्रं कमी द्या, बैठका कमी द्या, पण जून ते सप्टेंबरचे चार पगार कापू नका.